आठ गंभीर

श्रावण मेलेला होता आणि ऊन चढत होतं.

शाळेपुढच्या मैदानात इतर मेलेल्यांच्या रांगेत तो उताणा पडला होता. मनगटाला काळी चिंधी. वादळ येऊन गेलं होतं, म्हणजे तसं धरून चालायचं होतं. जिल्हा नव्या राज्यात गेला, नव्या राज्याला समुद्र होता, आणि समुद्र म्हटला की वादळ आलंच. तेव्हा दवाखान्याच्या लोकांनी वादळाची तालीम करावी असा हुकूम वरून सुटला, तो घरंगळत घरंगळत या गावापर्यंत आला. आभाळात बोंडाएवढाही ढग नव्हता.

जखमा वाटायचं काम डॉक्टरांनी बंडूजी पाटलांवर सोपवलं आणि पाटलांनी ते पंगत बसवावी तसं रीतीनं केलं. गंभीर जखमींना मोटारीतून वर्ध्याला न्यायचं होतं, म्हणून गंभीर जखमा मानाच्या घरांत गेल्या. खुद्द पाटलांचं डोकं फुटलं. त्यांची लेक वर्ध्याला दिलेली होती. दुकानदार मोतीलालचा पाय मोडला. किरकोळ खरचटणं कास्तकारांच्या वाट्याला आलं. उरलं मरण, ते ओढ्यापलीकडच्या वस्तीला दिलं. ही माणसं गेल्या दसऱ्याला बुद्धाची झाली होती आणि तेव्हापासून गावाची मेलेली ढोरं ओढत नव्हती. मग निदान स्वतः तरी मरावं, असा पाटलांचा विचार असावा.

"श्रावण! ऊठ ना बापा!" ओढ्याकडून शेजारची धुरपता धावत आली. "गोपिकाले साप डसला! निंदता निंदता, पराटीच्या वावरात!"

श्रावण ताडकन उठला.

"अहो, मेलेल्यांनी उठायचं नाही!" डॉक्टर ओरडले.

तोवर दोन बायकांनी लुगड्याच्या झोळीतून त्याच्या बायकोला आणलंच. घोट्यावर दोन ठिपके होते. पाय सुजला होता, आणि पापण्या भर दुपारी झोप यावी तशा मिटत होत्या. डॉक्टर वाकले आणि त्यांचा तालमीचा आवाज एकदम गेला.

"नाग आहे. सुई द्यावी लागेल, आणि ती वर्ध्यालाच मिळेल. माझ्या पेटीत नुसत्या पट्ट्या आहेत."

"मंग मोटार उभी काऊन हाय?" श्रावणनं विचारलं.

मोटार वडाखाली उभी होती. आठ जागा आणि आठ गंभीर जखमी. धुतलेली धोतरं, तेल लावलेले केस. पाटलांच्या मांडीवर लेकीसाठी लोणच्याची बरणी.

"तिकडे मोठे साहेब वाट पाहताहेत," डॉक्टर पुटपुटले. "आठ म्हणजे आठ पोचले पाहिजेत. माझी नोकरी नवी आहे." मग त्यांनी गोपिकाकडे पाहिलं आणि मोटारीपाशी जाऊन हात जोडले. "आपल्यापैकी कोणी एक जण बरा होतो का? बाई मरेल हो."

"डोकं फुटल्या माणसाले काय इचारता?" पाटील म्हणाले.

"मी तो उतरलो असतो, साहेब," मोतीलाल म्हणाला, "पण उतरू कसा? पाय मोडला ना!"

सकाळपासून गप्प बसलेला एक जण मागच्या बाकावर जोरात कण्हू लागला.

श्रावणनं डोक्याचं फडकं काढून पाटलांच्या पायावर ठेवलं. "पाटील, जीव चालला जी तिचा. तुमच्या पाया पडतो."

पाटलांना खरंच वाईट वाटलं. "मी काय करू बावा? मले सरकारनं नेमलं हाय. तू असं कर, माही बैलगाडी घेऊन जा."

बैलगाडी वर्ध्याला पोचेपर्यंत दिवस बुडाला असता.

"झोप येऊन राह्यली," गोपिका म्हणाली. तिची जीभ जडावली होती.

श्रावणनं त्यानंतर कोणाला काही विचारलं नाही. त्यानं तिला उचललं, मोटारीत चढला आणि तिला बाकावर आडवं निजवलं. डोकं पाटलांच्या मांडीवर, बरणीला टेकून. पाय मोतीलालच्या मोडक्या पायावर.

मोटारीतल्या सगळ्यांनी अंग चोरलं. विटाळाचं नाव काढायची सोय नव्हती. कायदा झालेला, आणि सरकारचा माणूस दोन हातांवर उभा. पाटलांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चष्मा पुसत होते. फार वेळ पुसत होते.

"साहेब," मोतीलाल म्हणाला, "पाय आता बरा वाटते."

"मोडलेला?"

"बसला. आपोआप बसला!" असं म्हणत त्यानं खाली उडी मारली, ती चांगली दोन्ही पायांवर.

"मलेबी ठीक वाटून राह्यलं," म्हणत पाटील बरणीसकट उतरले. "हवा लागली का अजून ठीक वाटन."

मग मागच्या बाकावरचं कण्हणं थांबलं. एकेक करून आठही जण बरे झाले आणि वडाखाली उभे राहून धोतरं झटकू लागले.

"हाण!" डॉक्टर ड्रायव्हरशेजारी चढत ओरडले.

मोटार हिंगणीवरून वर्ध्याला जाणाऱ्या रस्त्याला लागली. खड्ड्याखड्ड्याला रिकामे बाक खडखडत होते. श्रावणनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि दोन बोटांनी तिच्या पापण्या वर धरल्या होत्या.

गोपिकानं बाकांवरून नजर फिरवली. "ते... गंभीरवाले कुठी गेले?"

"बरे झाले."

"सारे?"

"सारेच्या सारे. तुले पाह्यलं आन् बरे झाले."

ती हसली, की तिचा ओठच वाकडा झाला, हे त्याला कळेना.

"मंग मीबी होईन," ती म्हणाली, आणि त्याच्या बोटांखालून पापणी सुटली.