डाव्या हाताचा वार

“आजपासून डाव्या हाताच्या वाराचा फासा डाव्या हातानेच टाकायचा,” नोगाने जाहीर केलं. “मुठीत घ्यायचा, नीट खुळखुळवायचा आणि मग ताटात सोडायचा. ताटाबाहेर गेला, तर वार फुकट.”

परेशने नियमांच्या पुस्तकातून मान वर काढली. “हे कुठं लिहिलंय?”

“कुठंच नाही. आपल्या टेबलाचा नियम.”

टेबल म्हणजे जुन्या पनवेलमधल्या नोगाच्या घरातलं जेवणाचं टेबल. रविवारी दुपारी त्यावर एका काल्पनिक राज्याचा नकाशा पसरला जायचा. नोगा एरवी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. इथे मात्र ती खेळ चालवायची. गोष्ट तिची, राक्षस तिचे आणि न्यायनिवाडाही तिचाच. तिचे वडील नाथनकाका, परेश आणि त्याची बायको रंजिता हे खेळाडू. रंजिता जादूगारीण होती. परेश आणि काका दोन-दोन तलवारी घेऊन लढणारे योद्धे.

दोन शस्त्रांचा नियम परेशला तोंडपाठ होता. दोन्ही हातांत हलकं शस्त्र असलं, की उजव्या वारामागोमाग डाव्या हाताचा एक जादा वार मिळतो. मात्र त्यात अंगची ताकद मिळवायची नाही; फाशावर पडेल तेवढीच इजा. तो फासा कुठल्या हाताने टाकायचा, याबद्दल पुस्तक गप्प होतं. असला प्रश्न कुणाला पडलाच नसावा.

“नियम असा मध्येच बदलतात का?” तो रंजिताच्या कानाशी कुजबुजला.

“खेळ ना गुपचूप,” ती म्हणाली आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी तिने त्याच्यापुढे सरकवल्या.

परेशचं डोकं तसंही तापलेलं होतं. करंजाड्याहून रिक्षाने यावं लागलं होतं. बाईकचा क्लच जड लागत होता; मेकॅनिकने केबल बदलली, तरी जडच. वर ‘साहेब, गाडीत काही नाही’ म्हणाला, ते आणखी झोंबलं होतं.

पुलावर राक्षस आडवा उभा राहिला आणि लढाई सुरू झाली. पहिली पाळी काकांची. त्यांनी उजव्या हातात फासा घेतला. हात थरथरत होता. फासा मुठीत आपोआपच खुळखुळला आणि ताटात पडला. मग डाव्या वारासाठी तोच फासा त्यांनी डाव्या हाताने खुळखुळवून अलगद ताटात सोडला. आकडा चांगला पडला.

“जमलं की!” काका लहान मुलासारखे हसले.

तेव्हा परेशच्या डोक्यात प्रकाश पडला. उजव्या हाताला कंप सुटलाय, म्हणून लेकीने बापासाठी डाव्या हाताची सोय केली होती. आणि काकांना अवघडल्यासारखं वाटू नये, म्हणून नियम सगळ्यांना. मघाशी आपण वाद घातला याची त्याला लाज वाटली. आता काही बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं.

त्याची पाळी आली. उजवा वार झकास बसला. डाव्या हाताने फासा उचलताना तो निसटला आणि टेबलाखाली गेला.

“सवय नाय डाव्याची,” परेश हसत म्हणाला.

“असू दे. वार फुकट,” नोगा म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

पुढच्या पाळीला फासा मुठीत आला, पण खुळखुळवताना बोटांतून गळून नकाशावर पडला. त्यापुढच्या पाळीला ताटाच्या कडेवर आपटून उडाला. परेशचा योद्धा निम्म्या बळाने लढत राहिला. राक्षसाने रंजिताच्या जादूगारणीला उचलून नदीत भिरकावलं. रंजिताचे डोळे भरून आले. खेळात एवढं मनाला लावून घेणारी ती बाई नव्हती. परेशला नवल वाटलं.

“चहा घेऊ या आधी,” नोगा उठली.

परेश तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. दार लोटून घेत हळू आवाजात म्हणाला, “नोगा, एक बोलू? राग मानू नको. काकांसाठी केलंस ते कळलं मला.”

ती गॅसजवळ थांबली. “काय कळलं?”

“हा नियम. त्यांना कळू न देता हात बघत्येस त्यांचा. पण असं आडून आडून किती दिवस करणार? सरळ सांग. डॉक्टरकडे घेऊन जा.”

“आणि ऐकलं नाही तर? विषय काढला की माणूस चिडतो. म्हणतो, काही झालेलं नाही, जरा थकवा आहे.”

“घाबरतो म्हणून चिडतो गं. माझा आबा असाच होता. आमी सगळे त्याच्या रागाला भिऊन गप्प बसलो. उशीर झाला मग. घरच्यांनीच सांगायला हवं. हात धरून न्यायला हवं.”

“तुला कुणी असं सांगितलं असतं, तर तू गेला असतास?”

“आपल्या माणसाने सांगितलं, तर का नाय जाणार? निमूट गेलो असतो.”

“नक्की?”

“शब्द देतो. तू नुसती वेळ घे, काकांना राजी करायचं माझ्यावर सोड.”

नोगाने गॅस बंद केला. दार उघडलं, तर बाहेर रंजिता उभी होती, पदराने डोळे पुसत. तिच्या मागे नाथनकाका, एक हात तिच्या खांद्यावर ठेवून.

“बाबांचं सगळं तपासून झालंय, परेश. तो कंप वयाचा आहे,” नोगा म्हणाली. “उद्या सकाळची वेळ रंजिताने तुझ्यासाठी घेतलीय.”