न लागणारी बंदूक

दिग्याने प्लास्टिकची बंदूक टीव्हीला जवळजवळ टेकवून चाप ओढला. बदक आरामात उडून गेलं.

"चष्मा बदल, शहाण्या," पराग म्हणाला. सासूबाईंना खाटेवर बसवून त्याचे खांदे गळून गेले होते.

गुण : ०

या नव्या चपट्या टीव्हीसाठी परागने स्वतः कथलाचा डाग देऊन व्हिडिओ गेमच्या जुन्या कन्सोलमध्ये सर्किट बसवलं होतं. चित्र लख्ख होतं. दिग्याने कोपऱ्यात पाहिलं. तिथला पेटीएवढा टीव्ही जाऊन खाट आली होती.

"अरे, ही बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते. तुला ठाऊक नव्हतं?" त्याने परागला विचारलं.

"होतं."

"मग जुना टीव्ही विकलास कशाला?"

"हळू बोल. टीव्ही आणि खाट दोन्ही मावत नव्हतं. आपल्यापायी जागा केली हे सासूबाईंना कळलं, तर उद्याच गावी सोडा म्हणतील. आल्यापासून तेच चाललंय."

गुण : ०

दिग्याने बंदूक खाली ठेवली. पराग कन्सोल बंद करायला वाकला.

"राहू दे ना, पराग," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "किती छान उडतायत."

पराग तिथेच जमिनीवर बसला.

"उद्या पण लावशील?" सासूबाईंनी विचारलं.