कापलेला निरोप

सुपारी तिसऱ्यांदा तांदळावरून घरंगळली, तेव्हा गोदूबाईनं गाणं थांबवलं.

बायकांची मागची ओळही थांबली. भर दुपार होती. बाहेर काल्हेरच्या रस्त्यावर गोदामांत जाणाऱ्या ट्रकांची रांग होती, आणि आत मांडवात सारवलेल्या चौकावर तांदळाच्या पाच ढिगल्या. घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं मूळ, म्हणजे बोलावणं, धाडायचं, तर ते लग्नाचा धवला गाणाऱ्या धवलारणीनंच. तिनं गाण्यात एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सुपारी ढिगलीवर ठेवायची. सुपारी राहिली की माणूस आला, बसला. आजा बसला, आजी बसली, दोन्ही चुलते बसले. नवरदेवाचा बापूस, सावळाराम, तेवढा बसेना.

पाटावर हळदीनं माखलेला कुणाल त्या पाचव्या ढिगलीकडे टक लावून बघत होता. या एका सुपारीसाठीच तर त्यानं गोदूबाईला बोलावलं होतं. एरवी धवला त्याच्या दुकानातच मिळायचा, मेमरी कार्डात भरून, तोही तिच्याच आवाजात.

चार वर्षांमागं बहिणीच्या, मैनाच्या लग्नात त्यानं तो मोबाइलवर भरून घेतला होता. वरात गेल्यावर आलेल्या पितरांना नावानिशी परत पाठवायचं, ती निरोपाची कडवी मात्र त्यानं कापून टाकली. लांबलचक आणि रडवेली, लग्नात कुणाला हवीत? उरलेलं गाणं नाक्यावरच्या दुकानातून गेलं, या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये गेलं, गावोगावच्या मांडवांत वाजू लागलं. त्यात नावं दुसऱ्याच घरची आहेत, हे कुणी ऐकलंच नाही. धवलारणीला बोलावणंही बंद झालं.

मागल्या वर्षी गोदूबाई दुकानाची पायरी चढून आली होती. त्याला वाटलं, लुगड्याचा आणि नारळाचा मान मागेल. तिनं निरोपाचं तेवढं विचारलं. कुणाल हसून म्हणाला होता, "गोदूमावशी, गाणं काय तुझ्या सातबाऱ्यावर हाय?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तीही थोडी हसली. "माज्या न्हाय रं बाला. पन त्यातली नावं कुनाच्या तरी घरची हायत."

आता मांडवात गाणं थांबलं, तसं रघूनं तोंड उघडलं. हा भिवंडीचा मांडववाला, खांबाला झालर बांधत होता. हल्ली लग्नात फुकटे फार झालेत म्हणाला. एक बाबा तर त्याला पडघ्याला दिसला, परवा गणेशपुरीलाही दिसला. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा. जेवत नाही, बोलत नाही. खांबाला टेकून बसतो.

"आनि चपला मांडीवर घेतो," रघू हसत म्हणाला. "जसं काय आपन चोरच."

कमळचा, कुणालच्या आईचा, हळदीच्या ताटातला हात तसाच राहिला.

पडघ्याच्या एका लग्नात चपला चोरीला गेल्या, तेव्हा सावळाराम अनवाणी चालत घरी आला होता. त्यानंतर मरेपर्यंत कुठल्याही मांडवात त्यानं चपला मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत. त्यावरून गावभर त्याची थट्टा व्हायची. आणि कुणी हाक मारली, की भरल्या ताटावरून उठून जाण्यावरून कमळ त्याला आयुष्यभर बोलली होती.

गोदूबाई कुणालकडे वळली. "निरोप कापलास, म्हनून बोलावलेला तुजा बापूस तसाच फिरत ऱ्हायला ना?"

त्यानं मान हलवली.

"किती ठिकानी गेलंय गानं? सांग. मी जाईन एकेका मांडवात, निरोप म्हनून येईन."

कुणाल आठवू लागला. काल्हेर, कशेळी, पडघा. कार्डं किती भरली ते आठवलं असतं. पण त्या कार्डांवरून पुढं कुणी कुणाला दिलं, त्याची काही मोजदाद नव्हती. म्हातारीचे भेगाळलेले पाय त्याच्या समोर होते.

सुपारी उचलून गोदूबाईनं ती त्याच्या हळदीच्या तळव्यावर ठेवली. तूच ठेव म्हणाली, आणि डोळे मिटून हलकेच सूर लावला.

*मूळ धाडिलं गो, मूळ खाडीच्या पल्याड,*
*ये रं सावलारामा, लेक बसलाय पाटावं.*

कुणालनं सुपारी ठेवली. ती राहिली.

कमळनं पदर तोंडाला लावला. बायकांच्या मागं, नव्या झालरीच्या खांबापाशी, कुणीतरी सावकाश खाली बसत होतं. कुणालला पाठमोरा खांदा दिसला. मांडीवर चपला नीट जुळवून ठेवणारे दोन हात दिसले. मान आता इकडे वळणार, एवढ्यात खाडीपल्याडच्या कुठल्याशा मांडवात कर्णा खरखरला.

वाऱ्यावरून गोदूबाईचाच आवाज आला, चार वर्षांनी तरणा.

*मूळ धाडिलं गो, मूळ खाडीच्या पल्याड,*
*ये रं सावलारामा, लेक बसलीय पाटावं.*

सुपारी घरंगळली आणि कुणालच्या पायाशी येऊन थांबली. खांबाजवळची चटई रिकामी होती. बसल्याजागी पडलेला खोलगा हळूहळू वर येत होता.

कुणाल पाटावरून उठू लागला, तशी गोदूबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हळद लागलेल्यानं मांडव सोडायचा नसतो.

"त्याचा काय दोस, बाला," ती म्हणाली. "हाक आली की उठायचं. तुजा बापूस पहिल्यापासून असाच."