आवक शिक्का

शेवटच्या सकाळीही बाबांनी पत्र्याच्या पेटीचं कुलूप ओढून पाहिलं. “पंतप्रधानांची गुपितं आहेत का?” मी डिवचलं. “भिंतीलाही कान असतात,” म्हणत ते पंतप्रधान कार्यालयात गेले. दुपारी टेबलावरच त्यांचं हृदय थांबलं. आठवड्याने त्यांचे साहेब घरी आले. “त्यांच्या नोंदवहीतलं एक जुनं पत्र सापडत नाही. पेटी उघडता?” कामाबद्दल बाबा चकार शब्द काढत नसत, त्यामुळे लहानपणापासून मला संशयच होता. पेटीत एकच कागद निघाला, त्यावर आवक शिक्का. साहेबांनी मोठ्याने वाचलं: “पंतप्रधानकाका, माझे बाबा खरंच तुमच्याकडे काम करतात, की थापा मारतात? कळवा.” अक्षर माझं, तिसरीतलं. खाली बाबांचा शेरा: “चौकशी केली. करतात. कळवण्यास परवानगी नाही.” साहेबांचे डोळे बारीक झाले. “कोणी लिहिलंय हे?” “मी.” मग कुलूप मुठीत धरून मी म्हणाले, “बाबा, चुकलं माझं.”