बियाण्याची माळ

गुणाबाईनं आरमोरीच्या दुकानात रेशमी कोशांची टोपली उतरवली, तर दुकानदार गफ्फारभाऊ त्यातला एक कोसा कानाशी हलवत म्हणाले, “मंदी आहे, बाई.” “मंदी म्हंजे काय, भाऊ? जो तो तेच म्हनून राह्यला.” “उद्या आजच्याहून वाईटच जाईल, असं धरून बसनं. मंग घेनारा घेत नाई, पिकवनारा पिकवत नाई.” त्यांचा हात टोपलीच्या तळाशी थबकला. तिथं बियाण्याची, जिवंत कोशांची माळ होती. पाखरं निघून अंडी घालावीत, अळ्या ऐनाच्या पाल्यावर वाढाव्यात म्हणून गुणाबाई दरवर्षी ती दाराला टांगायची. यंदा विकायला आणली होती. तिनं मान खाली घातली. “हे घेत नाई मी. मंदी माह्या दुकानात राहू द्या, तुमच्या ऐनाच्या झाडावर नेऊ नका,” म्हणत त्यांनी बाकीचे तोलले. तिन्हीसांजेला परतताना कडेवरच्या टोपलीत माळेतून ओल्या पंखांचं पाखरू निघालं. धक्का लागू नये म्हणून गुणाबाई हळू चालू लागली.