बावीस काय?

"बावीस काय?" बाबांनी डोळे न उघडताच विचारलं.

मुलगी साखरेच्या पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाशी धरून बसली होती. दुपारपासून बाबा ग्लानीत होते, जीभ जड झाली होती. रक्तातली साखर मोजायच्या यंत्रावर तिने त्यांच्या बोटाचा थेंब टेकवला, तर आकडा आला बावीस! एरवी दीडशेच्या खाली उतरायला तयार नसलेली साखर बावीसवर? डॉक्टरांना फोन लावला, तर तेही हादरले. "बावीस? अहो, आधी साखरेचं पाणी पाजा! फोन चालूच ठेवा."

आणि बाबा पेला नाकारून एकक विचारत होते.

"बाबा, तोंड उघडा. मास्तरकी नंतर करा."

"बावीस काय? बटाटे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर हेच. दुकानातून दोन आणू का म्हटलं, की "दोन काय?" ताप एकशे दोन आहे म्हटलं, तरी "एकशे दोन काय?" रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण घराचा वर्ग काही सुटला नाही. शाळेत ती त्यांच्याच वर्गात होती आणि तिथे ते बाबा नव्हते, सर होते. शेवटच्या परीक्षेत तिचा आकडा अचूक होता, फक्त एकक लिहायचं राहिलं. सरांनी भर वर्गात पेपर उंचावून अर्धा गुण कापला. तेवढ्याने पहिला नंबर गेला. तिने रसायनशास्त्राला कायमचा रामराम ठोकला आणि शिवणयंत्र धरलं. त्या अर्ध्या गुणाचा राग अजून गेलेला नव्हता.

"प्या म्हणते ना! सकाळपासून पाण्याचे जगच्या जग रिकामे केलेत, मग हा एक पेलाच नको?"

तिने पेला ओठांना लावला. बाबांनी मान फिरवली. अर्धं पाणी चादरीवर सांडलं.

"एकक वाच आधी."

बघा तुमचं एकक, म्हणून त्यांच्या नाकासमोर धरायला तिने चिडून यंत्र उचललं आणि आकड्याखालची बारीक अक्षरं तिला दिसली. जुनं यंत्र गेल्या आठवड्यात बंद पडलं होतं. हे नवं, परदेशातल्या भावाने पाठवलेलं. जुन्यावर मिलिग्रॅम असायचे. यावर होतं, मिलिमोल प्रति लिटर.

फळ्यासमोर उभं करून घोकून घेतलेलं सगळं एकदम वर आलं. एक मोल ग्लुकोज म्हणजे एकशे ऐंशी ग्रॅम. मिलिमोलचे मिलिग्रॅम करा, लिटरचा डेसिलिटर करा, म्हणजे अठराने गुणा. बावीस गुणिले अठरा. म्हणजे साखर उतरली नव्हती, भरमसाट वाढली होती. ती सकाळपासूनची तहान!

तिने पेला लांब खिडकीत नेऊन ठेवला.

"डॉक्टर, चुकलं माझं! बावीस नाही, तीनशे शहाण्णव आहे!"

पलीकडून डॉक्टर ओरडले. "साखर गेली नाही ना पोटात? बसू नका, ताबडतोब दवाखान्यात आणा. मी सलाईनची तयारी ठेवतो."

उशीवरून पुन्हा तोच खोल गेलेला, हट्टी आवाज आला.

"तीनशे शहाण्णव काय?"

ती त्यांच्या उशाशी वाकली. या प्रश्नाला तिने आयुष्यात कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं.

"मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, सर."