भूकंपाची तालीम

भूकंपाचे धक्के सुरू झाल्यापासून दिगंबर दर रविवारी घरच्यांकडून पळायची तालीम करून घ्यायचा. बायकोने गॅस बंद करायचा, लेकीने बॅटरी आणि पाण्याचा कॅन उचलायचा, त्याने स्वतः कागदपत्रांची पिशवी घ्यायची. त्याचे वडील, आबा, अंगणात बाजेवर घड्याळ धरून बसायचे आणि करवादायचे, “पस्तीस सेकंद? अरे, तेवढ्यात छप्पर डोक्यावर येईल!”

मंगळवारी दुपारी मांडणीवरची भांडी खडखडली आणि जमीन गदागदा हलली. कुणी किंचाळलं नाही, कुणी कुणाला धडकलं नाही. गॅस बंद झाला, कॅन आला, पिशवी आली. माजघरावरची कौलं धडाधड कोसळली तेव्हा तिघंही अंगणात होती.

दिगंबरची छाती अभिमानाने फुगली. धापा टाकत, सवयीने तो ओरडला, “आबा, किती सेकंद?”

बाज रिकामी होती.

लेकीच्या हातातला कॅन गळून पडला. “बाबा, आबा तर जेवून माजघरात झोपले होते!”

दिगंबर पिशवी टाकून आत धावला. कुणी काय उचलायचं, हे त्याने सगळं नेमून दिलं होतं. आबांना कुणी आणायचं, तेवढं राहिलं होतं.